घर एकोणीस किलोमीटरवर, मग हॉस्टेल कशाला?

ताई, नमस्कार.

आम्ही फोंडा तालुक्यातले. लेकीला गोव्यातच इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तोही मनासारख्या ठिकाणी. पण प्रवेशाच्या कागदांत एक ओळ आहे: पहिल्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांनी वसतिगृहातच राहायचं. आमचं घर तिथून एकोणीस किलोमीटर. गाडीने पाऊण तास. हॉस्टेल आणि मेस मिळून वर्षाला लाखाच्या घरात पैसे जाणार, ते कशासाठी? सासूबाई तर ऐकायलाच तयार नाहीत. "घर असताना पोरीने परक्या खाटेवर का निजायचं?" म्हणतात. आमच्या घरातलं आजवर कोणी हॉस्टेलात राहिलेलं नाही. यजमानांच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. लेकीला लहानपणी दम लागायचा, पाचवी-सहावीनंतर काही त्रास नाही. पण ते दम्याचं सर्टिफिकेट लिहून देतो म्हणाले, म्हणजे सवलत मिळेल. मला ते बरं वाटत नाही, आणि नको म्हणायचा धीरही होत नाही. रात्री साडेनऊला मुलींच्या हॉस्टेलचं गेट बंद होतं, तेवढंच एक समाधान. लेकीला विचारलं तर "तुम्ही ठरवा" म्हणते. काय करावं?

— एक आई

ताई,

आधी सर्टिफिकेटचं बोलू. बाकी गोष्टींना आठ-दहा दिवस सवड आहे, त्याला नाही.

ते घेऊ नका. प्रवेशाच्या वेळी तुम्ही आणि लेकीने ज्या हमीपत्रावर सही केली असेल ते एकदा काढून वाचा. खोटी माहिती दिल्यास प्रवेश रद्द, अशा अर्थाची ओळ त्यात बहुतेक सापडेलच. संस्थेचे स्वतःचे डॉक्टर असतात, ते तपासायला बोलावू शकतात. तिथे ही सतरा-अठरा वर्षांची मुलगी काय सांगणार? आणि तो कागद सवलत मिळाली म्हणून फाडून टाकत नाहीत, तो तिच्या फाइलीत चार वर्षं राहतो. उद्या हिलाच वाटलं की दुसऱ्या वर्षी मैत्रिणींबरोबर हॉस्टेलात राहावं, की हीच फाइल पुढे येणार. डॉक्टरसाहेबांनाही सांगा, ओळखीखातर सांगा: वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत खोटं प्रमाणपत्र देणं हे नोंदवहीतून नाव काढण्याइतकं गंभीर गैरवर्तन धरलेलं आहे. माणूस भला असेल, पण भलेपणाने स्वतःचा परवाना पणाला लावतोय हे त्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

तुम्हाला "बरं वाटत नाही" ते बरोबरच आहे. यजमानांना सांगायचा धीर होत नसेल तर माझं हे उत्तर त्यांच्यापुढे ठेवा आणि माझं नाव पुढे करा. मला सवय आहे.

मात्र दम्याची शंका खरी असेल तर गोष्ट निराळी. आपल्याकडे जुलैत भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी चढते, आणि लहानपणी दमलेली छाती अशा हवेत पुन्हा कुरकुरू शकते. तेव्हा ओळखीच्या नव्हे, छातीच्या डॉक्टरांकडे न्या. नळीत जोराने फुंकर मारायची एक साधी तपासणी असते, तिच्यात बरंच कळतं. काही निघालं तर त्यांचं खरं पत्र घेऊन वॉर्डनकडे वरच्या मजल्यावरची, हवा खेळणारी खोली मागा. हे मागायला लाजू नका. इन्हेलर लागत असेल तर तो कुठल्या कप्प्यात आहे ते खोलीतल्या मैत्रिणीला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवायचा.

आता सवलतीचं. सवलत हवीच असेल तर सरळ मागायची. विद्यार्थी-कल्याण पाहणारे डीन किंवा चीफ वॉर्डन यांना अर्ज लिहा: घर इतक्या अंतरावर, आईवडील दोघेही घरी, येण्याजाण्याची सोय अशी अशी, तरी मुलीला घरून येऊ द्यावं. काही ठिकाणी जवळ राहणाऱ्यांना मोकळीक असते, काही ठिकाणी नसते. झुआरीनगरचा बिट्स पिलानीचा कॅम्पस २००४ मध्ये सुरू झाला तोच मुळी निवासी म्हणून. तिथल्या मुलाचं घर समोरच्या टेकडीवर असलं तरी फरक पडायचा नाही. अर्ज केला म्हणून कोणी राग धरत नाही. उत्तर "नाही" आलं तरी लेखी आलेलं असतं, आणि घरात वाद घालायला आईला तेवढा आधार पुरतो.

पण तुम्ही मला "काय करावं" असं विचारलंय, "सवलत कशी मिळवावी" असं नाही. म्हणून माझं मत सांगते: तिला राहू दे.

हे मी ऐकीव नाही सांगत. मी पेडण्याहून पणजीला कॉलेज केलं. एफवायला गेले ते १९८६, आणि त्याच जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला. म्हणजे पहाटेची बस म्हापशापर्यंत, तिथून दुसरी बेतीपर्यंत, मग फेरीबोटीच्या रांगेत उभं. पावसात, छत्री वाऱ्याने उलटी झालेली, एका हातात चपला. पहिलं लेक्चर आठवड्यातून तीनदा तरी चुकायचं. ते फारसं बिघडवत नव्हतं, नोट्स कोणीही द्यायचं. बिघडायचं ते संध्याकाळी. आमच्या वर्गातल्या चौघीजणी पणजीतच एका खोलीत राहायच्या. फिजिक्सचं जर्नल पूर्ण करायचं असलं की चौघी जमिनीवर जर्नलं पसरून बसत. एकीचं रीडिंग चुकलं तर दुसरीच्या लक्षात यायचं, दोघींचं चुकलं तर भांडण व्हायचं आणि भांडणातून तिसरीला मुद्दा कळायचा. मी घरी, वीज गेलेली, कंदिलाच्या उजेडात एकटी ग्राफ काढत बसलेली. एकदा दोन्ही अक्ष उलटे धरून अख्खा ग्राफ काढला आणि सुबक काढला म्हणून खूश होऊन झोपले. दुसऱ्या दिवशी सरांनी त्यावर लाल रेघ मारली. त्या चौघींपैकी एक हळूच म्हणाली, "अगं, काल आमच्यातही एकीने असंच काढलेलं, पण आम्ही हसलो ना तिला." तो ग्राफ मी अजून विसरलेले नाही. मला हसायला तिथे कोणी नव्हतं.

पाच वाजता सुटलेल्या बसबरोबर माझं कॉलेज रोज संपायचं. नाटकाची तालीम, वादविवादाचा सराव, परीक्षेआधी कोणीतरी सीनियर येऊन "हे तीन प्रश्न हमखास" सांगून जाणं, हे सगळं साडेपाचनंतर. हल्लीच्या संस्थांत तर प्रयोगशाळाच सहापर्यंत चालतात आणि क्लबांच्या बैठका जेवणानंतर भरतात. पाऊण तासाची गाडी म्हणजे जाऊन-येऊन दीड तास, आणि आषाढात, रस्त्यावरच्या खड्ड्यांसकट, दोनही. हिशोब यजमानांनाच करायला सांगा. त्यात लेकीला अठरा पूर्ण झालेली नसतील तर स्कूटरचं लायसन्स नाही, म्हणजे रोज कोणीतरी सोडायला हवं.

पैशाचं मी हलक्यात घेत नाहीये. लाख रुपये म्हणजे लाख रुपये. तीन गोष्टी विचारून घ्या. मेसचे पैसे न जेवलेल्या दिवसांचे परत मिळतात का, आणि त्यासाठी सलग किती दिवस गैरहजर राहावं लागतं नि आधी किती दिवस कळवावं लागतं. बहुतेक ठिकाणी अशी सोय असते, पण मुलं फॉर्म भरायचा कंटाळा करतात. अनामत रक्कम किती आणि ती कधी परत मिळते. आणि वर्षाच्या मधे सोडलं तर काय. इथे बहुधा काहीच मिळत नाही, म्हणून दिवाळीनंतर ठरवू असं मनात ठेवून जाऊ नका. बँकेच्या शैक्षणिक कर्जात हॉस्टेल-मेसचा खर्च धरता येतो, आणि गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त कर्ज योजना आहे, तिची चौकशी यजमानांनी याच आठवड्यात करावी. दुसऱ्या वर्षापासून घरून यायची मुभा आहे का तेही विचारा. असली तर हा खर्च एका वर्षाचा, चारांचा नव्हे.

आता सासूबाई. "आमच्या घरातलं कोणी हॉस्टेलात राहिलेलं नाही" हे तुम्ही लिहिलंत, पण जरा विचारून बघा. गोव्यात आर्ट्‌स-सायन्सची कॉलेजं निघाली ती मुक्तीनंतर, १९६२ मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले. त्याच्या आधी ज्याला पुढे शिकायचं असे तो बेळगाव, धारवाड, पुणे, नाहीतर मुंबईला जायचा. तुमच्या सासूबाईंच्या माहेरी एखादा काका, मामा, चुलतभाऊ असा गेलेला असणारच. वारावर जेवला असेल, नातेवाइकांच्या पडवीत निजला असेल. तो बेळगावात शिकला हे सगळं घर कौतुकाने सांगत असेल, परक्या खाटेवर निजला असं कोणी म्हणत नसेल. नात मात्र एकोणीस किलोमीटरवर गेली की खाट परकी होते. हे त्यांना वादात सांगू नका, त्या काकाची गोष्ट त्यांच्याच तोंडून काढा. आणि सामान पोचवायला जाल तेव्हा त्यांना बरोबर न्या. जिने असतील, गुडघे दुखतील, तरी न्या. गादी दाबून बघू दे, खिडकीची कडी लावून बघू दे, बाथरूमच्या दाराला आतून कडी आहे का ते बघू दे. म्हातारी माणसं न पाहिलेल्या जागेला घाबरतात. पाहिलेल्या जागेला ती फक्त नावं ठेवतात, आणि ते चालेल.

गेटचं तुम्ही समाधान म्हणून लिहिलंत. मुलग्यांचं गेट कधी बंद होतं तेही विचारून घ्या. त्यांना अकरा नि हिला साडेनऊ असेल तर लायब्ररीत बसायचे दीड तास रोज हिचे कमी. २०१५ मध्ये दिल्लीत मुलींनी "पिंजरा तोड" म्हणून जी चळवळ उभी केली ती याच वेळांवरून. तुम्ही चळवळ करा असं म्हणत नाही मी, पण पालकसभेत आईने उठून एवढं विचारलं तरी खूप होतं.

रॅगिंगचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुतेक मनात आहे. हिमाचलातल्या एका वैद्यकीय कॉलेजात २००९ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलाचा जीव गेला, त्यानंतर यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम कडक झाले. पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवायचं, ते जमत नसेल तिथे सीनियरांच्या येण्याजाण्यावर वॉर्डननी नजर ठेवायची, असं त्यात स्पष्ट आहे. सगळ्या पहिल्या वर्षाला एकत्र हॉस्टेलात राहा म्हणण्याला हेही एक कारण असू शकतं. विद्यार्थी आणि पालक, दोघांनीही दरवर्षी हमीपत्र द्यायचं असतं. ते लेकीबरोबर बसून भरा, घाईने टिक करत जाऊ नका. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. नंबर तिच्या फोनमध्ये आणि तुमच्याही. वॉर्डनबाईंचा नंबरही, नुसता ऑफिसचा नव्हे.

इथवर नियमांचं झालं. मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे, आणि ती फक्त जवळ घर असलेल्यांनाच लागू होते.

लखनौची किंवा जयपूरची मुलगी एकदा आली की दिवाळीपर्यंत घरी जाऊ शकत नाही. रडते, चार दिवस जेवत नाही, मग शेजारच्या खोलीत जाऊन बसते आणि तिथेच तिचं बस्तान बसतं. गोव्याची मुलगी मात्र शुक्रवारी दुपारीच बॅग भरते. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं पहिलं वर्ष असंच गेलं. दर शुक्रवारी घर, सोमवारी सकाळी परत. मधे बुधवारी आई डबा घेऊन हजर. खोलीतले तिघे त्याला "गेस्ट" म्हणायचे, प्रेमाने. वर्ष संपलं तेव्हा घरच्यांनी हॉस्टेलचे पूर्ण पैसे भरलेले आणि पोरगा होता तसाच डे-स्कॉलर. प्रोजेक्टसाठी गट पाडले तेव्हा त्याला कोणी घेतलं नाही असं नव्हे, पण शेवटी उरलेल्यांत घेतलं. पैसे वाया जातात ते असे.

म्हणून माझं ऐकाल तर पहिले सहा आठवडे घरी येणं नाही. तुम्हीही जाऊ नका. फोन रोज नको. एक दिवसाआड, तिने करायचा. पहिल्या आठवड्यात ती रडेल आणि "न्यायला या" म्हणेल, आणि एकोणीस किलोमीटर म्हणजे काहीच नाही, यजमान किल्ली हातात घेऊन उभे असतील. त्या वेळी "रविवारपर्यंत बघ, मग बोलू" एवढंच म्हणा. रविवारी बहुधा ती विसरलेली असेल. पण झोप उडालीय, जेवण तुटलंय, आवाज बदललाय असं दोन आठवड्यांनीही वाटलं, तर मात्र कसले सहा आठवडे. सरळ जा आणि वॉर्डनना भेटा.

अपवाद फक्त चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा. चवथीला गोंयकाराची लेक घरी नाही असं होता कामा नये. पण सावध राहा: राष्ट्रीय पातळीवरच्या संस्थांचं कॅलेंडर आपल्या राज्य सरकारच्या सुट्ट्यांप्रमाणे चालत नाही. चतुर्थीची एक सुट्टी मिळते आणि मिडसेमच्या परीक्षा नेमक्या त्याच सुमाराला येतात. कॅलेंडर आजच वेबसाइटवरून उतरवून घ्या, तारखा पंचांगाशी ताडून बघा, आणि आदल्या दिवसाची रजा लागणार असेल तर तिनेच आधी लेखी अर्ज करावा. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला पोचली तर उत्तम. नाही पोचली तर आरतीला पोचेल, आरतीला वाजवायचं घुमट तोवर तापायचंच असतं. येताना खोलीतल्या एखादीला घेऊन आली तर नाही म्हणू नका. दिवाळीपर्यंत घर न बघणारी ती पोर तुमच्या नेवऱ्या खाऊन काय म्हणते ते सासूबाईंना ऐकू दे.

राहिलं "तुम्ही ठरवा". मला यावरून दोन गोष्टी दिसतात आणि कुठली खरी ते मला इथे बसून सांगता येणार नाही. एक, तिला जायचंय, पण आजीसमोर तसं म्हटलं तर आजीला लागेल. दोन, तिला भीती वाटतेय आणि एवढे मार्क पाडून आलेल्या मुलीने भीती वाटते म्हणायचं कसं, म्हणून गप्प आहे. जेवणाच्या टेबलावर विचारून दोन्ही बाहेर येणार नाही. तिला मागे बसवून स्कूटरवरून बाजाराला न्या. तोंड दिसत नसलं की मुली बोलतात. "तुला काय हवं" असं विचारू नका, त्याचं उत्तर पुन्हा "तुम्ही ठरवा"च येईल. "खोलीत किती जणी असतात गं?" असं विचारा. तिने आधीच शोधून ठेवलेलं असेल तर ती कुठल्या बाजूची आहे ते कळेल.

सामानाचं थोडं. हुमण, म्हणजे आपली माशांची आमटी, मिळणार नाही हे आधीच सांगून टाका. मेसमध्ये राजमा, छोले, पनीर, कधीतरी अंडं. उकडा तांदूळ क्वचितच. घरचं तोरांचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं, लोणचं द्या, सोलां (आमसुलं) द्या, चालतील. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर मात्र पहिल्या महिन्यात देऊ नका. खोलीतली एखादी पोर शाकाहारी निघाली आणि बरणी उघडली, तर पुढची चार वर्षं त्या वासावरूनच ओळख राहील. कपडे वाळत नाहीत, म्हणून जाड जीन्स एकच, बाकी पातळ सुती. नायलॉनची दोरी आणि पंधरा-वीस चिमटे. कुलूप स्वतःचं, दोन किल्ल्यांचं. दुसरी किल्ली तुमच्याकडे नको, मैत्रिणीकडे. आणि बादल्या दोन न्या, घरूनच. पहिल्या आठवड्यात कॅम्पसवरच्या दुकानातल्या बादल्या सगळ्यात आधी संपतात.